मागच्या खोलीची वायर

राऊटरला मागे चार भोकं असतात. पाचवं नसतं. मी ते पिशवीतून काढून देऊ शकत नाही, कंपनीत फोन केला तरी ते उगवत नाही, आणि राऊटर उलटा करून बघितला तरी सापडत नाही. वीसेक वर्षांच्या धंद्यात हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता झोपेतही बडबडत असेन. तरी फोन येतोच. "ताई, अजून एक वायर लावायचीय. एका भोकात दोन बसतील का, जरा मोठं करून?"

मोठं करून म्हणे! आणि हे मला चंदनसारच्या एका इंजिनिअरने विचारलेलं आहे, तेव्हा शिक्षणाचा याच्याशी काही संबंध आहे असं कोणी समजू नये.

गेल्या दिवाळीपासून मी शिडी चढणं सोडलं. गुडघ्यांनी साफ नकार दिला. त्याआधी विरारपासून वसईपर्यंत कुठल्याही घरात "नेट आतल्या खोलीत पोचत नाही" अशी तक्रार आली की स्कूटरवर ड्रिल मशीन आणि वायरीचं वेटोळं लादून मी हजर व्हायचे. या अंकाच्या संपादकबाईंच्या घरातली वायरही मीच ओढली आहे. त्या म्हणाल्या, तुमचा प्रवास लिहा. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायचे, मशीन बंद पडलं की दुरुस्तीवाला चार-चार दिवस उगवायचा नाही, म्हणून एक दिवस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतःच उघडलं. झाला प्रवास. त्यापेक्षा मी कटकटी लिहिते, त्या भरपूर आहेत.

पहिली कटकट दारातच सुरू व्हायची. मी बेल वाजवली की दार उघडणारा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. "टेक्निशियन गाडी लावतोय का खाली?" मग मी हातातलं ड्रिल थोडं वर करून दाखवायची. "मीच." त्यावर एक "अच्छा अच्छा" यायचं आणि मग मी शिडीवर चढेपर्यंत घरातले सगळे पुरुष खाली उभे राहून मला शिडी कशी लावायची ते सांगायचे. पहिली पाच वर्षं मला याचा फार राग यायचा. पुढची पंधरा वर्षंही आला. माझं नाव विचारायची गरज कुणाला कधी भासली नाही. मोबाइलमध्ये मी "नेटवाल्या मॅडम" म्हणून साठवलेली असायचे, काही ठिकाणी नुसतीच "वायर".

धंद्यात नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. बाहेरून नेटची एक बारीक वायर घरात येते आणि राऊटर नावाच्या डबीत शिरते. या डबीतून वायफाय हवेतून घरभर जातं, आणि ज्यांना ते पुरत नाही त्यांच्यासाठी मागे वायर खोचायला चार भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वायफाय असताना वायर कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा जाड भिंतींच्या घरात मागच्या खोलीत बसून ऑफिसची मीटिंग करून बघावी. टीव्ही, कॅमेऱ्याची पेटी, मुलाचा कॉम्प्युटर, बापाचा कॉम्प्युटर, संपले चार. पाचवं काही आलं की एक छोटा डबा मिळतो, त्याला स्विच म्हणतात. राऊटरच्या एका पोर्टमधून एक वायर या स्विचला द्यायची, आणि स्विचवर पाच-आठ भोकं असतात त्यातून बाकीच्यांना. एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे. उरलेले दोन तास समजूत घालण्यात जातात.

कारण आपल्याकडे घराघरात टीव्हीच्या केबलचा अनुभव दांडगा. केबलची वायर मध्येच कापायची, दुसरी पिळून जोडायची, वरून चिकटपट्टी, की शेजारच्या खोलीत चित्र दिसायला लागतं. चंदनसारच्या एका गृहस्थांनी नेटच्या वायरीवर नेमका हाच प्रयोग केला. आत आठ बारीक तारा आठ रंगांच्या. त्यांनी दुसऱ्या वायरीच्या आठ तारा त्यांना जोडून, रविवारची दुपार घालवून, अतिशय सुबक जोड केला होता. नेट अर्थातच दोन्हीकडे बंद. मी तो जोड कापला तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. "चुकलं काय पण? रंग तर सगळे जुळवलेत!" दुसऱ्या एका जोडप्याने भोकं कमी पडतात म्हणून आणखी एक राऊटरच आणला आणि पहिल्याला जोडून दिला. आता घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर वाटायचं काम राऊटरचं असतं. दोघेही नंबर वाटायला लागले, जसे एकाच वर्गात दोन मास्तर हजेरी घेतायत. टीव्ही एकाचं ऐके, लॅपटॉप दुसऱ्याचं, आणि नवरा-बायको एकमेकांना दोष देत होते. मी एका राऊटरचं नंबर वाटणं बंद केलं, घरात शांतता झाली.

पण ही सगळी किरकोळ प्रकरणं. या धंद्यात मी खरी हरले ती एका शब्दापुढे. तो शब्द म्हणजे डायरेक्ट.

"ताई, मला स्विचवरून नको. मला डायरेक्ट द्या." का? "डायरेक्ट ते डायरेक्ट." बाहेरून येणारी लाइन एकच, तिचा वेग ठरलेला, राऊटरच्या भोकातून घ्या की स्विचच्या भोकातून, कुणाच्या वाट्याला त्यामुळे कमी येत नाही. हे मी चित्र काढून सांगितलं, वेग मोजून दाखवला, एका घरी देवाची शपथही घेतली. लोक मान डोलवतात आणि शेवटी म्हणतात, "ते बरोबर आहे हो, पण माझी डायरेक्टच ठेवा."

या शब्दापायी जे उमेळ्याला झालं ते आता लिहून टाकते. त्यात माझीही चूक आहे, दोन चुका आहेत.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उमेळ्याला एका बागायतदार कुटुंबाचं घर. पुढे रस्त्याला लागून बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, मागे मात्र अजून वाडी: केळी, नारळ, सोनचाफा. भाऊ तिघे. थोरले दामूभाऊ वाडी बघायचे, मधले वसंतराव नोकरीतून निवृत्त, धाकट्या मनोहरचं हार्डवेअरचं दुकान. घराची रीतसर वाटणी झालेली, स्वयंपाकघरं तीन, दारं तीन. सामाईक उरल्या होत्या तीन गोष्टी: विहीर, पुढची ओटी आणि ओटीवरच्या फळीवर ठेवलेला राऊटर. विहिरीच्या पाण्यावर जसा तिघांचा हक्क तसा राऊटरवर. चार पोर्टपैकी तीन तिघा भावांचे आणि चौथा वाडीवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचा. ही मांडणी त्यांनी आपसांत बसून ठरवलेली होती आणि ती त्यांना फार पसंत होती.

मला फोन केला होता त्यांच्या बहिणीने. घरात सगळे तिला बेबी म्हणत, भावांची मुलं बेबीआत्या. वय पन्नाशीच्या पुढे, डहाणूकडे एका शाळेत गणित शिकवायच्या. नवरा गेला, मग शाळेने विनाअनुदानित तुकडी बंद केली, आणि त्या माहेरी परत आल्या. त्यांना राहायला दिली होती मागची खोली, जिथे पूर्वी केळीचे घड पिकत घालायचे. भिंती दगडी, हातभर जाड. दारात उभं राहिलं तर वायफायची एक काडी, खोलीत पाऊल टाकलं की तीही गायब.

"मला ऑनलाइन शिकवण्याचं काम मिळतंय," त्यांनी मला बसवून नीट समजावून सांगितलं, जशा त्या वर्गात सांगत असतील. "गुरुवारी अकरा वाजता एक धडा घेऊन दाखवायचा आहे, चाळीस मिनिटांचा. त्यांची अट आहे की नेट वायरवरचं हवं. मध्ये तुटलं तर धडा बाद." मग म्हणाल्या, "या वयात मला दुसरं कोणी बोलावणार नाही, ताई. आणि भावांच्या ताटावर किती दिवस जेवायचं?"

तुमचं नाव काय, असंही त्यांनी मला विचारलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं. मी सांगितलं, आणि त्यानंतर त्या मला नावानेच हाक मारत राहिल्या.

सोमवारी मी सामान घेऊन गेले. ओटीवर तिघे भाऊ खुर्च्या टाकून बसलेले, जणू तलाठी यायचा आहे. मी पाच भोकांचा स्विच दाखवला आणि सांगितलं की कुणाची तरी एक वायर राऊटरमधून काढून या डब्यात लावायची, त्या जागी डब्याची वायर राऊटरमध्ये जाईल, आणि मग आत्यांची नवी वायरही डब्यात.

तिघांच्याही खुर्च्या एकदम राऊटरकडे सरकल्या.

"माझी नाय," वसंतराव म्हणाले. "माझा मुलगा घरून कंपनीचं काम करतो."

"मग माझी कशाला?" मनोहर म्हणाला. "मी धाकटा म्हणून? पडवीपण मलाच लहान आलीय."

"कनेक्शन माझ्या नावावर आहे," दामूभाऊ म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मी वेगाचं गणित सांगितलं. मोबाइलवर मोजून दाखवलं. डब्यातून घेतलेलं नेट आणि राऊटरमधून घेतलेलं नेट, आकडा तोच. दामूभाऊंनी आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "ताई, डब्यातून येतो म्हंजे आधी दुसऱ्याकडून येतो. उष्टाच झाला ना?"

उष्टं नेट! त्या क्षणी मी धंदा सोडायचा विचार केला होता, गुडघे उगाच बदनाम झाले.

आत्या दारात उभ्या होत्या. "दादा, माझी कुठेही लावा," त्या म्हणाल्या. "मला उष्टं चालेल." हसत म्हणाल्या, पण भावांपैकी कोणी हसलं नाही. तासाभराच्या चर्चेनंतर तोडगा निघाला: कॅमेरा तिघांचा, म्हणजे कुणा एकाचा नाही, तेव्हा त्यालाच डब्यात टाकावा. कॅमेरा आणि बेबी डब्यावर, तिघे भाऊ डायरेक्ट. तंत्राच्या दृष्टीने याने काहीच बिघडत नव्हतं. मी कपाळाला हात लावला आणि कामाला लागले. छपराच्या कडेने वायर मागे नेली, दगडी भिंतीत भोक पाडताना ड्रिलची दोन टोकं मोडली, आणि आत्यांच्या टेबलाशी वायर आणून दिली. लॅपटॉपवर नेट धावायला लागलं तेव्हा त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इथेच बसून शिकवीन."

आता माझ्या दोन चुका सांगते.

माझी एक पद्धत होती. काम झालं की प्रत्येक वायरीवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मार्करने नाव लिहायचं, म्हणजे उद्या कोणाची वायर काढायची तर घोळ नको. हे दुसरं कोणी करत नाही, मी करायची, आणि मला त्याची घमेंड होती. त्या दिवशी मी पट्ट्यांवर लिहिलं: दामोदर, वसंत, मनोहर, कॅमेरा. पाचव्या वायरीवर लिहिलं: मागची खोली. विचार न करता लिहिलं. ही एक चूक.

दुसरी पद्धत अशी की उरलेल्या वायरीचा हातभर तुकडा, दोन्ही टोकांना भोकात बसणाऱ्या क्लिपा लावून, मी गिऱ्हाइकाकडे खिळ्याला अडकवून यायची. कधी गरज पडली तर असावा म्हणून. पदरचा द्यायची. लोक खूश व्हायचे. उमेळ्यालाही मी तो तुकडा फळीखालच्या खिळ्याला अडकवला, चहा घेतला आणि निघाले.

गुरुवारी सव्वाअकराला फोन आला. मी वसईतच होते. आत्यांचा आवाज शांत होता, इतका शांत की मला घाबरायला झालं. "नेट गेलं. धडा अर्ध्यात बंद पडला. समोरचा शिकणारा मुलगा स्क्रीनवर गोठून राहिला आणि मग तोही गेला."

मी पोचले तेव्हा घरातल्या कुणाकडेच नेट नव्हतं. वसंतरावांचा मुलगा मोबाइल घेऊन वाडीत फिरत होता, मनोहर दुकान सोडून आला होता, आणि सगळ्यांचं एकमत झालं होतं की हे त्या डब्यामुळे झालं. "आम्ही आधीच म्हटलं होतं." डायरेक्ट होतं तेव्हा कधी गेलं नव्हतं!

मी फळीपाशी गेले. स्विचचे सगळे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे लुकलुकत होते. असे दिवे दिसले की धंद्यातल्या माणसाला काही विचारावं लागत नाही. मी डबा हातात घेऊन फिरवला. दोन रिकाम्या भोकांत माझा तो खिळ्यावरचा तुकडा बसवलेला होता. एक टोक एका भोकात, दुसरं टोक शेजारच्या भोकात.

असं केलं की काय होतं ते सांगते. स्विचचं काम म्हणजे इकडून आलेला निरोप तिकडे पाठवणं. त्याच्या एका भोकातून निघालेला निरोप वायरीतून फिरून त्याच्याच दुसऱ्या भोकात येतो. त्याला वाटतं, नवा निरोप आला, तो पुन्हा सगळीकडे पाठवतो. तो पुन्हा फिरून येतो. क्षणात निरोपांचा इतका गदारोळ होतो की खऱ्या निरोपाला वाट उरत नाही, आणि राऊटरसकट सगळं घर ठप्प होतं.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

वसंतरावांनी मनोहरकडे बघितलं. मनोहरने वसंतरावांकडे. दामूभाऊ वाडीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मी केला."

"का?"

"सकाळी या दोघांची जुंपली. डब्यात दोन भोकं रिकामी आहेत ती कोणाची यावरून. हा म्हणतो मला टीव्हीला पाहिजे, तो म्हणतो मला दुकानाच्या कॅमेऱ्याला. भोकं दोन, आम्ही तिघे." ते अगदी शांतपणे सांगत होते. "मी म्हटला, कोणालाच नको. तुमचा तुकडा होता खिळ्याला. मघाशी दोन्ही भोकं बंद करून टाकली. भांडणच नको."

आयुष्यात मी लोकांनी केलेले अनेक घोळ निस्तरले. हव्यासाने केलेले, हुशारीने केलेले, कंटाळ्याने केलेले. न्याय करायला जाऊन नेट पाडणारा माणूस मी तो एकच बघितला. मला हसू यायला हवं होतं. पण दारात आत्या उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, हातात अजून खडूसारखा धरलेला मार्कर. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग माझा तोल गेला. गिऱ्हाइकाच्या घरी आवाज चढवायचा नाही हा नियम मी वीस वर्षं पाळला होता, तो तिथे मोडला. "अहो, दोन रिकामी भोकं ती! कुणी खात नव्हतं, कुणी पीत नव्हतं! त्यावरून भांडलात, आणि बहिणीचं काम गेलं त्यात! तिने तुमच्याकडे डायरेक्ट मागितलं होतं का? जे उरलं ते द्या म्हणाली होती ती!" आणखीही बोलले. आज आठवलं की कानकोंडं व्हायला होतं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटत नाहीत.

दामूभाऊंनी तो तुकडा स्वतःच उपटून काढला. दिवे शांत झाले. आतून कुणाचा तरी टीव्ही चालू झाल्याचा आवाज आला.

आत्यांनी शिकवणीच्या कंपनीला लिहून विनंती केली. अर्ध्या तासाने उत्तर आलं: आज चार वाजता पुन्हा एकदा, शेवटची संधी. मी बाकीची कामं पुढे ढकलली, वसईतून आठ भोकांचा स्विच घेऊन आले, आणि या वेळी कुणालाही न विचारता तिन्ही भावांच्या वायरी राऊटरमधून उपटल्या. राऊटरच्या एका पोर्टमधून एकच वायर स्विचला दिली. तिघे भाऊ, कॅमेरा आणि आत्या, सगळे स्विचवर. राऊटरची उरलेली तीन भोकं चिकटपट्टीने बंद.

वसंतराव बराच वेळ बघत होते. "म्हणजे आता डायरेक्ट कोण?"

"कोणीच नाही."

"दादापण नाही?"

"दादापण नाही."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "मग हरकत नाय," मनोहर म्हणाला.

हरकत नाय! सोमवारी एक तास मी वेगाचं गणित शिकवत होते, आकडे दाखवत होते. सगळ्यांना सारखंच उष्टं मिळणार म्हटल्यावर एका मिनिटात काम झालं. आठ भोकांत पुन्हा दोन उरली होती. दामूभाऊंची नजर तिकडे वळली, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. तो तुकडा मी पिशवीत टाकला. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाकडे तुकडा ठेवणं बंद.

वायरी नव्याने लावल्या म्हणून पट्ट्याही नव्या लिहायला घेतल्या. दामोदर, वसंत, मनोहर, कॅमेरा. पाचवी लिहायला मार्कर टेकवला तेवढ्यात आत्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मागची खोली नको," त्या म्हणाल्या. "यांची नावं आहेत, माझंही नाव लिहा."

"लिहिते की. बेबीआत्या लिहू?"

"प्रमिला."

मी त्यांच्याकडे बघितलं. तीन वेळा त्या घरी गेले होते, त्यांनी माझं नाव विचारून घेतलं होतं, आणि मी त्यांचं विचारलं नव्हतं. दार उघडणाऱ्यांवर वीस वर्षं चिडणारी मी, मीच त्यांना खोली करून टाकलं होतं.

त्या हळू बोलत होत्या, पण ओटीवर सगळ्यांना ऐकू जात होतं. "या घरात माझं नाव शेवटचं लिहिलं ते हक्कसोडपत्रावर. माझ्या लग्नानंतर. बहिणी सोडतातच, म्हणाले, सही कर. मी केली. तेव्हा वाईटही वाटलं नव्हतं, खरंच." मग मार्करकडे बघत म्हणाल्या, "वायरीवर लिहायला कुणाची हरकत नसावी."

कुणाची नव्हती. निदान कोणी बोललं नाही. मी लिहिलं: प्रमिला. माझं अक्षर बरं आहे, तरी ते नाव वाकडं आलं.

चार वाजता मी फळीखाली स्टूल टाकून बसले. चाळीस मिनिटं. वायरीला कोणी हात लावायचा नाही, पंखा चालू-बंद करायचा नाही, मिक्सर नाही. शेवटच्या दोन गोष्टींचा नेटशी काही संबंध नाही, पण त्या घरात मला आता कशाचाच भरवसा उरला नव्हता. दामूभाऊ समोरच्या खुर्चीवर बसले, हात मांडीखाली दाबून. मागच्या खोलीतून आत्यांचा आवाज येत होता. कुठल्या तरी परमुलखातल्या मुलाला त्या समीकरण सोडवून दाखवत होत्या. मुलगा चुकला. त्या म्हणाल्या, "थांब, घाई नको. पहिल्या ओळीपासून पुन्हा बघू." दामूभाऊंनी मान खाली घातली.

"अशीच शिकवायची मला," ते पुटपुटले. "मी मॅट्रिकला गणितात अडकलो होतो. ही माझ्याहून चार वर्षांनी लहान."

दोन दिवसांनी आत्यांचा फोन आला, त्यांना कामावर घेतलं होतं. मी स्कूटर बाजूला घेऊन थोडा वेळ नुसती उभी राहिले.

आता शेवटचं. गेल्या पावसाळ्यानंतर, शिडी सोडायच्या आधी, मी त्या घरी एकदा गेले होते. खारीने कॅमेऱ्याची वायर कुरतडली होती. फळीपाशी उभी राहिले आणि सवयीने पट्ट्या वाचायला गेले. दमट हवेने मार्करची शाई उडाली होती. दामोदरचा नुसता दा उरला होता. वसंत आणि मनोहर वाचायला चष्मा लावूनही जमेना. कॅमेऱ्याची पट्टी पूर्ण कोरी. पाचवी पट्टी मात्र नवी होती. अक्षर माझं नव्हतं. जुन्या वळणाचं, एकेक अक्षर दाबून काढलेलं, निळ्या बॉलपेनने दोनदा गिरवलेलं.

प्रमिला गोविंद.

गोविंद हे त्या तिघांच्या वडिलांचं नाव. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे आपल्याकडे बापाचं नाव कोणी लावत नाही; ते लावतात घरच्या मुलाच्या नावापुढे. जमिनीच्या कागदावर काही बदललं का, ते मला माहीत नाही. बहुतेक नसावं. मी विचारलंही नाही. मागच्या खोलीतून शिकवण्याचा आवाज येत होता.

दामूभाऊ चहाचा कप घेऊन मागे उभे होते. मी पट्टी वाचतेय हे त्यांनी बघितलं.

"शाई उडाली होती," ते म्हणाले.

"बाकीच्यांचीपण उडालीय, भाऊ. ती नावं नाही लिहिलीत?"

"त्यांची काय करायचीत लिहून," ते म्हणाले. "ती सगळ्यांना माहीत आहेत."